शॅरी लुइस

शॅरी लुइस (जन्म : न्यूयॉर्क, १७ जानेवारी १९३३; मृत्यू : लॉस एंजेलिस, २ ऑगस्ट १९९८) या अमेरिकेतील शब्दभ्रमकार, बाहुलीकार, अभिनेत्री, लेखिका आणि दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रमांच्या सादरकर्त्या होत्या. मोज्याच्या कापडासारख्या मऊ कापडाची, लांब पापण्यांची, सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात बोलणारी लॅम्ब चॉप ही मेंढीची बाहुली त्यांनी १९५६ मध्ये प्रेक्षकांपुढे आणली. पुढे बेचाळीस वर्षे या बाहुलीने त्यांची साथ सोडली नाही. बालकार्यक्रमातील सर्वोत्कृष्ट सादरकर्त्यासाठी दिला जाणारा 'डेटाइम एमी' पुरस्कार लुइस यांना अनेकदा मिळाला. मात्र त्याआधी जवळजवळ तीन दशके अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर त्यांच्या कलेला कायमची अशी जागा नव्हती. त्यांचे चरित्र वाचताना ही मधली वर्षे विसरून चालत नाही.

बालपण आणि शिक्षण

लुइस यांचे मूळ नाव फिलिस नेओमी हर्विट्झ. न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील अब्राहम हर्विट्झ हे येशिवा विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्याबरोबरच कसलेले जादूगारही होते. महामंदीच्या काळात महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी त्यांना न्यूयॉर्क शहराचे अधिकृत जादूगार म्हणून नेमले होते. जादूच्या खेळातून मुलांना शिकवता येते, असे मानणारा हा प्राध्यापक 'पीटर पॅन द मॅजिक मॅन' या नावाने मुलांपुढे खेळ करीत असे. आई ॲन यांचा व्यवसाय संगीतशिक्षणाचा. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळात त्या संगीताच्या समन्वयक होत्या. लुइस यांच्या पुढील सर्व कामात ही दोन्ही घराणी एकत्र नांदताना दिसतात. हातचलाखी वडिलांकडून आली आणि सूरतालाची जाण आईकडून.

लहानपणीच त्यांना पियानो, व्हायोलिन, नृत्य आणि जादू यांचे रीतसर शिक्षण मिळाले. न्यूयॉर्कच्या 'हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट' या शाळेत त्या शिकल्या. अभिनयाचे धडे त्यांनी 'नेबरहुड प्लेहाउस'मध्ये सॅनफर्ड माइझनर यांच्याकडे घेतले. माइझनर हे विसाव्या शतकातील अमेरिकी अभिनयशिक्षणातील एक मोठे नाव. समोरच्या पात्राचे खरोखर ऐकणे आणि त्याला प्रतिसाद देणे यावर त्यांच्या शिकवणीचा भर असे. ज्या कलावतीला आयुष्यभर स्वतःच्याच हाताशी संवाद साधायचा होता, तिला हे शिक्षण किती उपयोगी पडले असेल, याची कल्पना करता येते.

शब्दभ्रमाची विद्या त्यांनी जॉन डब्ल्यू. कूपर यांच्याकडून घेतली. कूपर हे कृष्णवर्णीय अमेरिकी शब्दभ्रमकारांच्या पहिल्या पिढीतील अग्रगण्य कलावंत. त्यांचा जन्म १८७३ चा आणि कारकीर्द वॉदव्हिल रंगभूमीवरची. एकाच वेळी अनेक बाहुल्यांना बोलते करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. वर्णभेदामुळे मोठ्या रंगमंचांची दारे ज्यांना सहज उघडली नाहीत, अशा या गुरूची विद्या एका तरुण मुलीच्या हातून पुढे घरोघरीच्या दूरचित्रवाणी संचावर पोहोचली. लुइस यांच्यावरील लेखनात हा दुवा अनेकदा राहून जातो.

दूरचित्रवाणीवर प्रवेश

१९५२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'आर्थर गॉडफ्रीज टॅलेंट स्काउट्स' या गुणशोधक कार्यक्रमात लुइस यांनी पहिला क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्थानिक वाहिनीवर 'फॅक्ट्स एन फन' हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर 'शॅरीलँड' आणि 'हाय मॉम' हे स्थानिक कार्यक्रम आले. 'हाय मॉम' हा सकाळचा कार्यक्रम लहान मुले आणि त्यांच्या आया या दोघांसाठी होता. न्यूयॉर्क विभागातील स्थानिक एमी पुरस्कार त्यांना याच काळात मिळाले. 'लुइस' हे आडनाव पहिले पती स्टॅन लुइस यांचे. तो विवाह टिकला नाही, पण नाव रूढ झाले होते आणि ते तसेच राहिले. १९५८ मध्ये त्यांनी जेरेमी टार्चर यांच्याशी विवाह केला. टार्चर हे पुढे प्रकाशक म्हणून प्रसिद्धीस आले. कादंबरीकार जुडिथ क्रँट्झ या त्यांच्या भगिनी. या दांपत्याला मॅलरी ही मुलगी झाली.

लॅम्ब चॉपचा जन्म

सुरुवातीला लुइस त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लाकडी बाहुले मांडीवर घेऊन खेळ करीत. अशा बाहुल्याचा जबडा आतील दोरीने हलतो, डोळे फिरतात आणि बाकीचा चेहरा तसाच राहतो. मार्च १९५६ मध्ये बॉब कीशन यांच्या 'कॅप्टन कँगरू' या बालकार्यक्रमात त्यांना बोलावणे आले. तेथील मंडळींना लाकडी बाहुले अवजड वाटले आणि त्यांनी काहीतरी लहान, सुटसुटीत आणण्याचे सुचवले. लुइस लॅम्ब चॉपला घेऊन गेल्या.

वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याने त्यांच्या कलेचे स्वरूपच पालटले. हातमोजा-बाहुलीत यंत्र नसते, आत फक्त बोटे असतात. बोटे किंचित आवळली की बाहुली रुसते, अंगठा खाली ओढला की तिला नवल वाटते, मनगट झुकले की ती लाजते. लाकडी बाहुल्याला न जमणारे शेकडो सूक्ष्म भाव या मऊ कापडावर उमटू शकत होते. अभिनय आता आवाजापुरता राहिला नाही, तो बोटांतही उतरला.

लॅम्ब चॉपच्या स्वभावाची घडणही विचारपूर्वक झालेली होती. ती गोड होती पण सोशिक नव्हती. ती उलट उत्तर देई, हट्ट करी, शॅरीला कोंडीत पकडी आणि मग तिच्या गळ्यात पडे. मोठ्या माणसांना जे बोलून दाखवण्याची सोय लहान मुलांना नसते, ते ही मेंढी त्यांच्या वतीने बोलत असे. पुढे तिच्या जोडीला चार्ली हॉर्स हा सर्वज्ञ असल्याच्या थाटात वावरणारा घोडा आणि हश पपी हा दक्षिणेकडील हेल काढून बोलणारा भिडस्त कुत्रा ही पात्रे आली. तिन्ही पात्रांचे आवाज, लकबी आणि बोलण्याची गती निराळी असे. त्यांच्या आपसातील भांडणात लुइस स्वतःच्या, म्हणजे चौथ्या आवाजात मध्यस्थी करीत.

तंत्राविषयी थोडेसे

शब्दभ्रमातील मुख्य अडचण मराठी वाचकाला वर्णमालेच्या आधारे चटकन समजेल. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत. ओठांना ओठ लावल्याशिवाय ते उच्चारता येत नाहीत. ओठ हलले तर भ्रम मोडतो. त्यामुळे शब्दभ्रमकार या वर्णांच्या जागी जिभेने उच्चारता येणारे जवळचे वर्ण योजतो. उदाहरणार्थ, म च्या जागी न कडे झुकणारा आणि प च्या जागी त कडे झुकणारा ध्वनी. बाकीचे काम ऐकणाऱ्याचे कान आणि अपेक्षा करतात. हे ध्यानात घेतले म्हणजे लुइस यांनी बाहुलीचे नाव किती अवघड निवडले होते ते कळते. लॅम्ब चॉपच्या नावात म आणि प हे दोन्ही ओष्ठ्य वर्ण आहेत, आणि ही मेंढी स्वतःचे नाव मोठ्या ठसक्यात घेत असे. हश पपीच्या नावात तर प दोनदा येतो असे कानाला वाटते.

उच्चारापेक्षाही कठीण भाग मुद्राभिनयाचा. बाहुली बोलत असताना कलावंताने तिचे बोलणे प्रथमच ऐकत असल्यासारखे दिसावे लागते, आणि त्याच क्षणी तिचे वाक्य त्याच्याच घशातून निघत असते. लुइस यांच्या चेहऱ्यावरील कौतुक, वैताग आणि आश्चर्य पाहताना प्रेक्षकांची नजर आपोआप त्यांच्या हाताकडे वळत असे.

'द शॅरी लुइस शो'

१ ऑक्टोबर १९६० रोजी एनबीसी वाहिनीवर 'द शॅरी लुइस शो' सुरू झाला. तेरा वर्षे लहान मुलांवर राज्य करणारा 'हाउडी डूडी' हा कार्यक्रम आदल्याच आठवड्यात संपला होता आणि त्याची जागा या कार्यक्रमाला मिळाली. गाणी, नृत्य, बाहुल्या आणि छोटी कथानके असे त्याचे स्वरूप होते. पहिल्याच वर्षी त्याला प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कार मिळाला. असे असूनही २८ सप्टेंबर १९६३ रोजी तो बंद झाला.

कारण गुणवत्तेचे नव्हते. शनिवारची सकाळ आता व्यंगचित्रपटांची झाली होती. एकदा तयार केलेला व्यंगचित्रपट पुन्हा पुन्हा दाखवता येतो. त्याला स्टुडिओ, वाद्यवृंद आणि जिवंत कलावंत दर आठवड्याला लागत नाहीत. जाहिरातदारांच्या हिशेबात बाहुलीकाराचा खर्च बसेनासा झाला. त्या काळात लुइस एकट्याच बाहेर पडल्या असे नाही. पहिल्या पिढीचे अनेक बालकार्यक्रम याच लाटेत वाहून गेले.

मधली वर्षे

तीस वर्षांच्या वयात राष्ट्रीय कार्यक्रम हातातून गेलेल्या लुइस यांनी त्यानंतर मिळेल ते काम केले, आणि ते नीट केले. संगीतिकांच्या फिरत्या प्रयोगांत भूमिका केल्या, लास व्हेगासच्या रंगमंचावर खेळ केले, मालिकांमध्ये पाहुण्या कलावंत म्हणून दिसल्या. 'द मॅन फ्रॉम अंकल' या हेरगिरीच्या मालिकेतील १९६६ चा एक भाग त्यांच्या नावावर आहे. पती जेरेमी टार्चर यांच्यासह त्यांनी 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी 'द लाइट्स ऑफ झेटार' हा भाग लिहिला. तो ३१ जानेवारी १९६९ रोजी प्रक्षेपित झाला. मेंढीच्या बाहुलीशी बोलणारी बाई आणि अंतराळातील विज्ञानकथा यांचा मेळ अनेकांना नवलाचा वाटतो. पण त्यांच्या लेखणीचा पल्ला त्यांच्या बाहुल्यांपेक्षा पुष्कळ मोठा होता.

मायदेशात दार बंद असताना ब्रिटनमध्ये ते उघडले. १९६८ पासून बीबीसीवर त्यांचे कार्यक्रम झाले आणि तेथील एका पिढीला लॅम्ब चॉप इंग्लंडचीच वाटू लागली. १९७५ मध्ये अमेरिकेत 'द शॅरी शो' ही मालिका आली. तिच्यात बाहुल्याच एक दूरचित्रवाणी केंद्र चालवतात अशी गमतीदार कल्पना होती. ती फार काळ चालली नाही. याच काळात त्यांनी सिंफनी वाद्यवृंदांचे संचालन करण्यास सुरुवात केली. मुलांसाठीच्या मैफलीत लॅम्ब चॉप हातावर घेऊन त्या वाद्यवृंदापुढे उभ्या राहत. हा केवळ विनोदाचा प्रकार नव्हता. संगीताचे शिक्षण त्यांनी बालपणापासून घेतले होते आणि संचालनही त्या अभ्यासपूर्वक करीत.

त्यांच्या नावावर साठांहून अधिक पुस्तके आहेत. कागदाच्या घड्या, जादूचे सोपे खेळ, कोडी, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी असे त्यांतील बहुतेकांचे विषय. १९८२ मधील एका मिनिटात वाचून होणाऱ्या झोपण्यापूर्वीच्या गोष्टींच्या पुस्तकाला मोठा वाचकवर्ग लाभला. दमून आलेल्या आईबापांची गरज ओळखून ते रचलेले होते. १९८४ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. उपचारांनंतर त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा दौऱ्यांवर निघाल्या.

'लॅम्ब चॉप्स प्ले-अलाँग'

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचल्या. लुइस यांनी मुलांसाठी काही कॅसेट काढल्या आणि त्या चांगल्या खपल्या. त्यांत मुलांनी नुसते बसून पाहायचे नव्हते. उठून टाळ्या वाजवायच्या, गाणे म्हणायचे, कोडे सोडवायचे, खेळात भाग घ्यायचा अशी योजना होती. याच कल्पनेवर पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर जानेवारी १९९२ मध्ये 'लॅम्ब चॉप्स प्ले-अलाँग' सुरू झाला. त्याचे चित्रीकरण कॅनडातील व्हँकुव्हर येथे होत असे. लुइस तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या.

कार्यक्रमाच्या शेवटी येणारे नॉर्मन मार्टिन यांचे गाणे त्या काळातील अमेरिकी पालकांच्या अजून लक्षात आहे, आणि ते सर्वस्वी प्रेमाने नव्हे. गाण्याच्या अखेरची ओळ पुन्हा पहिल्या ओळीला जोडलेली असल्याने ते कधी संपतच नसे. लुइस थांबवायचा प्रयत्न करीत, मुले आणि बाहुल्या गात राहत, आणि घरोघरच्या मोटारींत ते तासन् तास चाले.

१९९५ मध्ये हनुका या ज्यू सणानिमित्त आणि १९९६ मध्ये पासओव्हरनिमित्त त्यांनी विशेष कार्यक्रम केले. नाताळच्या कार्यक्रमांची गर्दी असलेल्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर ज्यू मुलांना आपला सण पाहायला मिळणे ही त्या काळी नित्याची गोष्ट नव्हती.

संसदीय समितीपुढील साक्ष

बालकार्यक्रमांविषयीचा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला होता. त्यानुसार मुलांच्या शैक्षणिक गरजा भागवणे ही परवानाधारक वाहिन्यांची जबाबदारी ठरली. परंतु अनेक वाहिन्या जुनेच व्यंगचित्रपट शैक्षणिक म्हणून दाखवून मोकळ्या होत. १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या दूरसंचारविषयक उपसमितीपुढे लुइस यांची साक्ष झाली. त्यांच्यानंतर, समितीची रीतसर परवानगी घेऊन, लॅम्ब चॉपनेही आपले म्हणणे मांडले. सभागृहात हशा पिकला. पण बोलणारी बाई याच व्यंगचित्रपटांच्या अर्थकारणामुळे तीस वर्षांपूर्वी कार्यक्रम गमावून बसली होती, हे ठाऊक असलेल्याला त्या साक्षीत विनोदापलीकडचे काही ऐकू येते. १९९६ मध्ये केंद्रीय संचार आयोगाने आठवड्यातून किमान ३ तास शैक्षणिक बालकार्यक्रमांचे मार्गदर्शक प्रमाण ठरवले.

पुरस्कार

लुइस यांच्या नावावर एकूण १२ एमी पुरस्कार सांगितले जातात. त्यांत पन्नासच्या दशकातील स्थानिक पुरस्कारांचा आणि नव्वदच्या दशकातील डेटाइम एमी पुरस्कारांचाही समावेश होतो. या दोहोंमधील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे.

बालकार्यक्रमातील सर्वोत्कृष्ट सादरकर्ता या डेटाइम एमी विभागाचे स्वरूप मुळातच विलक्षण होते. नाट्यमालिकांत अभिनेत्याची अभिनेत्याशी तुलना होते. येथे मात्र निवेदक, बाहुलीकार, आवाज देणारे नट आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक हे सर्व एकाच रांगेत उभे असत. 'कॅप्टन कँगरू'चे बॉब कीशन आणि संथ, शांत बोलणारे फ्रेड रॉजर्स हे या पुरस्काराचे मानकरी. 'सेसमी स्ट्रीट'मधील एल्मो ही बाहुली चालवणारे केविन क्लॅश यांना तो १९९० मध्ये मिळाला, तर १९९१ मध्ये तो व्यंगचित्रमालिकेतील कॅप्टन हुकला आवाज देणारे टिम करी यांच्याकडे गेला. विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणारे बिल नाय हेही त्यांच्यातलेच. या सर्वांना एका तराजूत तोलणे परीक्षकांना सोपे गेले नसणार. १९९५ पासून व्यंगचित्रपटांतील सादरकर्त्यांसाठी स्वतंत्र विभाग झाला, यावरून ही अडचण आयोजकांनाही जाणवली असावी.

अशा स्पर्धेत लुइस यांनी नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात 'प्ले-अलाँग'साठी हा पुरस्कार पुन्हा पुन्हा मिळवला. त्यांचा दावा सबळ होता, कारण वरीलपैकी बहुतेक भूमिका त्या एकट्याच करीत. निवेदिका त्याच, गायिका त्याच, तिन्ही बाहुल्यांचे आवाज त्यांचे आणि हातही त्यांचेच. क्लॅश यांच्यासारखे बाहुलीकार कॅमेऱ्याच्या चौकटीखाली दडून काम करतात, त्यांचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. लुइस उघड्यावर, बाहुलीच्या शेजारी बसत. त्यामुळे पुरस्कार नेमका कुणाच्या अभिनयाला, बाईच्या की मेंढीच्या, असा प्रश्न गमतीने विचारला जाई. तो वाटतो तितका पोरकट नाही. एकाच शरीरातून एकाच वेळी दोन व्यक्तिरेखा साकारणाऱ्या अभिनयाला पुरस्कारांच्या सूचीत वेगळे नाव नव्हते.

अखेरचे दिवस

जानेवारी १९९८ मध्ये पीबीएसवर त्यांची शेवटची मालिका 'द चार्ली हॉर्स म्युझिक पिझ्झा' सुरू झाली. समुद्रकिनाऱ्यावरील एका पिझ्झाच्या दुकानात ती घडते. विनोदी नट डॉम डेलुइस तीत आचाऱ्याच्या भूमिकेत होते. शाळांतून संगीताचे तास कमी होत चालले होते, म्हणून मुलांना सूर, ताल आणि वाद्ये यांची ओळख करून द्यावी, हा तिचा उद्देश. संगीतशिक्षिकेच्या मुलीने शेवटी आईच्याच विषयाकडे वळावे, हे स्वाभाविक होते.

जून १९९८ मध्ये त्यांना गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि मालिकेचे काम थांबले. रसायनोपचार सुरू असताना न्यूमोनिया होऊन २ ऑगस्ट १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या ६५ वर्षांच्या होत्या.

नंतर

मुलगी मॅलरी ही आईच्या कार्यक्रमांत लेखिका आणि निर्माती म्हणून काम करीत असे. आईच्या निधनानंतर काही काळाने तिने लॅम्ब चॉप हातावर चढवली आणि रंगमंचावरील प्रयोग पुढे चालू ठेवले. लष्करी तळांवरील सैनिकांच्या कुटुंबांपुढेही तिने खेळ केले आहेत. २०२३ मध्ये लिसा डॅपोलिटो यांनी दिग्दर्शित केलेला 'शॅरी अँड लॅम्ब चॉप' हा माहितीपट आला. बालकार्यक्रमांचे एमी पुरस्कार २०२२ पासून डेटाइम एमीमधून वेगळे काढून स्वतंत्र सोहळ्यात दिले जाऊ लागले. लॅम्ब चॉप मात्र अमेरिकेतील दुकानांत आज सर्वाधिक दिसते ती कुत्र्यांच्या खेळण्याच्या रूपात, आणि ते विकत घेणाऱ्या अनेक तरुणांना तिचा आवाज कोणाचा होता हे ठाऊक नसते.